अमावस्येचा नंबर

माझं काम सांगायला सोपं आहे. कुठलं काम केव्हा सुरू व्हायचं, हे मी कंप्युटरला सांगून ठेवते. दवाखान्यातून पेशंटला आदल्या दिवशी मेसेज जायचा असतो. शाळेचा हजेरीचा तक्ता दर शनिवारी आपोआप निघायचा असतो. एखाद्या मंगल कार्यालयाला एका ठरावीक दिवशी एकच आठवण हवी असते आणि त्यानंतर ती कधीच नको असते. काही कामं पुन्हा पुन्हा होणारी, काही एकदाच होऊन संपणारी. राजारामपुरीत एका टायरच्या दुकानाच्या वर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत. तिथं बसून मी दिवसभर हेच करते आणि संध्याकाळी बसमध्ये उभी राहून घरी जाते. दमते. काम जड नाही, पण डोक्यात कायम कुणाच्या तरी उद्याची यादी चालू असते.

अशा प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावे लागतात. ते केव्हा व्हायचं? किती वेळा व्हायचं? आणि वेळ टळून गेली, काम झालंच नाही, तर पुढं काय करायचं? पहिले दोन प्रश्न सगळे विचारतात. तिसरा बहुतेक जण मोकळा सोडतात. मोकळा सोडला की यंत्र आपलं उत्तर स्वतःच धरतं: गेलं ते गेलं, आता पुढची तारीख. मीही तो प्रश्न मोकळा सोडला होता. त्यामुळं माझ्या आजोळच्या गावात एका बाईचा भुईमूग वाळायला लागला.

गाव हातकणंगल्याच्या बाजूचं. नदीवर मोटर बसवून पाइपानं माळापर्यंत पाणी नेणारी तिथं एक सहकारी संस्था आहे. पंधरा दिवसांचा एक फेर. रोज चार जणांना पाणी, सोळाव्या दिवशी पुन्हा पहिले चार. पाण्याची वेळ आली की लोक 'नंबर आला' म्हणतात. संस्थेला हे नंबर कंप्युटरवर हवे होते. आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज जावा आणि पाटकऱ्याला, म्हणजे मोटर चालू करून पाणी सोडणाऱ्या माणसाला, सकाळी छापील कागद मिळावा. आमच्या मालकांनी विचारलं, "तुझं आजोळ ना ते? मग तूच जा."

मी खुशीनं गेले, कारण त्याच वर्षी आजोळच्या गल्लीतल्या मावशीच्या रानाला पाइप पोचला होता. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईच्या माहेरी शेजारच्या घरातली, आईची मैत्रीण. माळाच्या टोकाला अठरा गुंठे, कायम कोरडवाहू. गावाबाहेरच्या त्या वस्तीतल्या चार-पाच रानांना पाणी मिळावं म्हणून मी शाळेत होते तेव्हापासून अर्ज चालले होते. ते अर्ज आणि त्यामागची पत्रकं माझे वडील लिहीत. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर, त्यामुळं माझ्या शाळेच्या निबंधातसुद्धा प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. अंधश्रद्धा, पाणी, मजुरांची सुट्टी, शिष्यवृत्ती: आमच्या घरात या विषयांवर जेवताना बोललं जायचं आणि भाजी गार व्हायची.

पाइप आला तसा मावशीनं त्या अठरा गुंठ्यांत उन्हाळी भुईमूग पेरला. आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळ्यात तिच्या रानात काही हिरवं उभं राहणार होतं.

संस्थेच्या ऑफिसात साठीच्या पुढचे एक क्लार्क काका होते. नंबरांची सगळी वही त्यांच्या हाती. लांबट वही, एका पानावर एक फेर आणि नावांच्या शेजारी अडकवलेली एक सेफ्टी पिन. पाणी देऊन झालं, पाटकऱ्यानं येऊन सांगितलं, की काका पिन काढून खालच्या नावाला लावत. त्या वहीत तारखा कुठंच नव्हत्या. हे मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि मागासलेपणा म्हणून सोडून दिलं.

"सुट्ट्या कुठल्या?" मी विचारलं.

"बेंदूर. दसरा. आन् अमावस्या."

"अमावस्येला काय?"

"मोटर बंद."

"का बंद?"

"बंद म्हंजे बंद. त्यात का आलं कुठनं?"

"काका, मशिनला अमावस्या कळत नाही."

"मग शिकवा की तिला! त्येच्यासाठीच आलायसा न्हवं?"

खोलीत बसलेले दोघे-तिघे हसले. मला ते हसू झोंबलं. मी सरळ बसले आणि अमावस्या म्हणजे काय, चंद्र कुठं असतो, त्याचा नदीवरच्या मोटरशी काय संबंध, हे सगळं त्यांना ऐकवलं. शेवटी म्हणाले, "माझ्या हातानं मी प्रोग्रॅममध्ये अंधश्रद्धा लिहिणार नाही. बेंदूर घालते, दसरा घालते. अमावस्या नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. "नका घालू बाई. आमी आमचं बगतो."

आमचं बघतो म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्यांना वाटलं, कागद त्यांच्या वहीसारखाच वागेल: मोटर एक दिवस बंद राहिली तर सगळी यादी आपोआप एक दिवस पुढं सरकेल. मला वाटलं, कागदावर नंबर आला की मोटर चालू होईल, हळूहळू प्रथा मोडेल. आम्ही दोघंही आपापल्या जागी खूश होतो.

आणखी एक गोष्ट मी केली. पाटकऱ्याकडं साधा फोन होता, तो कुठलं बटण दाबणार नव्हता. म्हणून संध्याकाळ झाली की त्या दिवसाच्या चौघांपुढं 'झालं' असं आपोआप लागेल आणि दुसऱ्या सकाळच्या कागदावर तसं छापून येईल, अशी सोय मी केली. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या होती. त्या दिवसाच्या चौघांत मावशीचं नाव होतं. हे मला महिनाभर माहीत नव्हतं.

महिन्यानं तिचा फोन आला, तो मी ऑफिसात जेवत असताना. ती ओरडत नव्हती. आमच्याकडची माणसं फोनवर ओरडूनच बोलतात, म्हणून तिचा हळू आवाज ऐकून मी डबा बाजूला ठेवला.

"पोरी, तुझ्या कागदावर माझं पाणी झालंय असं लिवलंय," ती म्हणाली. "पाणी आलं न्हाय."

"कधी?"

"काल. मेसेज आलता, म्हणून दिस उगवायच्या आत जाऊन पाइपापाशी बसलो. दुपारपत्तूर बसलो. आज पाटकऱ्याला इचारलं तर कागद दाखवला. म्हंतोय, झालंय तुझं."

"असं पहिल्यांदाच झालं का?"

"मागच्या म्हैन्यातबी असंच झालतं की."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुझा कागद हुता. मला वाटलं, माझंच काय तरी चुकलं आसंल."

मग म्हणाली, "आऱ्या सुटल्यात आता. वरची माती दगडागत झालीया." भुईमुगाचं फूल गळलं की तिथून एक बारीक दोरा खाली उतरतो, त्याला आरी म्हणतात. ती ओल्या, मऊ मातीत शिरली तर तिला शेंग धरते. माती कडक असेल तर आरी वरच वाळते. पुढचा नंबर दोन आठवड्यांनी होता.

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर पत्रक लिहिलं.

माझा प्रोग्रॅम उघडून पाहायला मला पाच मिनिटं लागली असती. ती मी घेतली नाहीत. कागद बरोबर आणि पाणी नाही, म्हणजे मधला माणूस खोटा. आणि तो खोटं कुणाशी बोलतो? वस्तीतल्या एकट्या बाईशी. हे सगळं मला आधीपासूनच ठाऊक होतं, लहानपणापासून, शंभर उदाहरणांसकट. त्यातलं एकही उदाहरण खोटं नव्हतं. म्हणूनच मला हे एकशेएकावं तपासावंसं वाटलं नाही. मथळा मोठा टाकला: पाणी पोचलं, न्याय कधी पोचणार? खाली लिहिलं, की पाटकऱ्यानं जाणूनबुजून सलग दोन महिने एका भगिनीचं पाणी तोडलं आणि कागदावर खोटी नोंद करवली. वडिलांनी वाचून एवढंच विचारलं, "त्या माणसाशी बोललीस?" मी म्हणाले, "तुम्ही तरी कधी बोलत होता?" ते वाद घालण्याच्या वयाचे राहिले नाहीत. त्यांनी एक काना दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पन्नास प्रती घेऊन गावात गेले. संस्थेच्या फळ्यावर एक चिकटवली, देवळासमोरच्या पारावर वाटल्या, दूध डेअरीत ठेवल्या. मग उरलेल्या हातात धरून नदीकडं गेले.

पाटकरी पंपघरासमोरच्या दगडावर बसून भाकरी खात होता. पत्रक माझ्या आधीच तिथं पोचलं होतं. भाकरीच्या फडक्याशेजारी घडी करून ठेवलेलं.

"या," तो म्हणाला. "बसा. जेवणार काय?"

"नको."

"मग हे वाचून दावा. मला बारीक दिसत न्हाय. डेअरीतलं पोरगं म्हणालं, माझ्याबद्दल हाय."

मी वाचून दाखवलं नाही. म्हणाले, "तुम्ही परवा त्या मावशींना पाणी का दिलं नाही?"

"परवा? परवा अमावस्या हुती."

"म्हणून?"

"म्हणून मी हितं न्हवतो. घरात हुतो." त्यानं तुकडा मोडला. "म्हैन्यातनं एक दिस मी घरात असतोय बाई. बाकीचं दिस हितं. पावसात नदीचं पाणी मोटरपत्तूर आलं तरी हितं. रविवार न्हाय, सण न्हाय. बेंदराला तुमी सुट्टी घातलीसा, पण बेंदूर बैलाचा. माझा न्हवं."

मी उभीच होते. हातातली पत्रकं जड झाली. मजुराला आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे, हे वाक्य मी किती वेळा छापून आणलं असेल, त्याची गणती नाही.

"पण मग कागदावर झालं असं..."

"कागद तुमचा," तो म्हणाला. "मी कुठं लिवतोय? मला लिवाय येतंय व्हय?"

तेव्हा मी तिथंच दगडावर बसले आणि बोटांवर मोजलं. पंधरा दिवसांचा फेर. दोन फेरांचे तीस दिवस. अमावस्या कधी एकोणतीस दिवसांनी येते, कधी तीस दिवसांनी. या खेपेला तीस. वहीतली पिन पाणी मिळाल्यावर सरकायची, म्हणून अमावस्या आली की सगळे मिळून एक दिवस पुढं जायचे, आणि दर वेळी ती वेगळ्याच कुणाच्या तरी नावावर पडायची. कुणाचंच पाणी बुडत नव्हतं. मी प्रत्येक नावाला तारीख बांधून टाकली. मग अमावस्या एकाच चौघांवर येऊन बसली: एक फेर पाणी, एक फेर कोरडं, एक फेर पाणी, एक फेर कोरडं. संध्याकाळी त्या कोरड्या दिवसापुढंही यंत्र लिहीत होतं: झालं.

"बाकीचे तिघे?" मी विचारलं. "त्या दिवशी चौघांचे नंबर होते."

"ती तिघं दुसऱ्या दिशी सकाळी माझ्या दारात आली. शिव्या घातल्या. मी दिलं की पाणी, मोटर जादा चालवून."

"आणि मावशी?"

"ती हितं आली. कागद बघितला आन् गेली."

"कागद तुम्ही तिला दाखवलात. त्या तिघांना का नाही दाखवलात?"

त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

"त्यांनी बघितलाच नसता," तो म्हणाला.

त्यात सगळं आलं. पत्रकात मी लिहिलेलं खोटं होतं आणि तरी त्याच्या खाली काहीतरी खरं उरलंच. ज्यांच्या आवाजाला वजन आहे त्यांच्यापुढं कागद फाटतो. जिला वजन नाही, तिच्यापुढं तो भिंत होऊन उभा राहतो. आणि तिनं तो कागद मुकाट्यानं मानला, कारण तो तिच्या गल्लीतल्या पोरीनं केला होता. मला त्या माणसावर चिडायला जागा राहिली नव्हती आणि चिडल्याशिवाय कसं बसायचं, हे मला येत नव्हतं.

त्याच दुपारी संस्थेच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर मी दुसरा कागद लिहिला. चार ओळींचा. पाटकऱ्यावर केलेला आरोप खोटा आहे, नंबर चुकले ते माझ्या प्रोग्रॅममुळं, आधीचं पत्रक मी मागं घेते. तो फळ्यावर लावला. क्लार्क काका येऊन वाचू लागले. मान पुढं, मग आणखी पुढं.

"ह्ये पयल्यापेक्षा बारीक अक्षरात हाय," ते म्हणाले.

खरं होतं. मी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणजे, मला तसं वाटतं. मी तो फाडला, तेवढ्याच मोठ्या अक्षरात पुन्हा छापला आणि पार, डेअरी, फळा असं सगळीकडं पुन्हा फिरले. पहिलं पत्रक लोकांनी हातातून ओढून घेतलं होतं. दुसरं मला एकेकाच्या हातात द्यावं लागलं.

मग काकांसमोर बसले. "मावशीला उद्या पाणी पाहिजे. पुढच्या नंबरापर्यंत आऱ्या वाळतील."

"कुणाच्या वाट्यातनं देऊ?"

"सगळ्यांना थोडं थोडं पुढं ढकला."

"परत सगळी यादी हलवू? एकदा हलवलीसा तेवढी बास की!" ते म्हणाले. मग थोडं मऊ झाले. "उद्याची चार नावं हायत. त्यांच्यातला कोण दोन तास सोडत असला तर मी आडवा येणार न्हाय. फोन तुमी करायचा. आन् चूक कुणाची ते पयल्यांदा सांगायचं."

मी त्या चौघांना एकेक करून फोन लावायला घेतला. पहिल्यानं 'कर्ज नको' म्हणून ठेवून दिला. दुसरा म्हणाला, त्याच्या उसाला आधीच उशीर झालाय आणि पत्रकं वाटणाऱ्यांनी त्याला फोन करू नये. तिसऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कंप्युटर चुकला?"

"नाही. मी चुकले. कंप्युटरनं मी सांगितलं तसंच केलं."

"कंप्युटरपण चुकतंय म्हणा की!" तो आनंदानं घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगायला लागला. "आगं, कंप्युटर चुकलाय!" मग फोनवर: "घ्या, दोन तास घ्या सकाळचं. माझा ऊस काय मरत न्हाय. पर मेसेजमधी तसं लिवा."

चौथ्याला फोन करावा लागला नाही.

एकदाच होणारं काम लिहायला एक ओळ पुरते. नाव, दिवस, वेळ, आणि पुनरावृत्तीच्या जागी: नाही. मी ती ओळ लिहिली. मेसेजमध्ये लिहिलं: आधीच्या नोंदीतल्या चुकीमुळं हे पाणी दिलं जात आहे. तो मेसेज सुटताना पाहिला, आणि तरी पंपघरावर जाऊन पाटकऱ्याला तोंडानंही सांगून आले. तो म्हणाला, "व्हय, सोडतो." त्यानं पत्रकाचा विषय पुन्हा काढला नाही. मी माफी मागितली तेव्हा तो चावी साफ करत होता. पाइपातलं पाणी सोडायच्या लोखंडी चाकाला तिकडं चावी म्हणतात. चावी साफ करायचं काही त्यानं थांबवलं नाही.

सकाळी मी मावशीबरोबर रानात होते. ती पदर खोचून फावडं घेऊन सरीच्या तोंडाशी उभी होती. पाइपातून आधी नुसती हवा आली, मग खोकल्यासारखी उबळ, मग गढूळ पाणी. मावशी एकेक सरी फोडत पुढं जात होती, मी तिच्या मागं चिखल ओढून बांध घालत होते. मला ते नीट येत नव्हतं. ती मागं वळून माझा प्रत्येक बांध फावड्यानं दुरुस्त करत होती.

अर्धं रान भिजल्यावर ती एका रोपापाशी बसली, पानं बाजूला सारली. वरच्या फांद्यांच्या आऱ्या टोकाला काळ्या पडून लोंबत होत्या. खालच्या अजून फिकट, जिवंत.

"ह्या गेल्या," ती वरच्या दाखवत म्हणाली. "ह्या जातील आत."

"किती?"

"मला काय म्हाईत. मी पयल्यांदाच लावलाय."

नंतरच्या आठवड्यात मी तो प्रोग्रॅम उलगडून पुन्हा लिहिला. तारखा काढून टाकल्या. आता प्रत्येक नंबर आधीच्या नंबरानंतर येतो. पाटकरी संध्याकाळी काकांना तोंडी सांगतो, काका खूण करतात, तेव्हाच यादी पुढं सरकते. खूण झाली नाही तर यादी तिथंच थांबते. म्हणजे मी बराच वेळ घालवून त्यांची वही आणि पिन कंप्युटरवर आणली. मालकांनी विचारलं, एवढा वेळ कशात गेला. मी म्हणाले, चूक दुरुस्त करण्यात. त्यांना ते उत्तर पटलं नाही, पण मलाही त्याहून जास्त सांगायचा उत्साह नव्हता.

अमावस्यांच्या तारखा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बघून हातानं टाकते, म्हणजे त्या दिवसासाठी कुणाला मेसेज जात नाही. प्रोग्रॅममध्ये त्या रकान्याचं नाव 'पाटकऱ्याची सुट्टी' असं आहे. मी त्याला विचारलं होतं, महिन्यातून एकच का, दर आठवड्याला एक सुट्टी मागूया, मी लिहून देते. तो म्हणाला, "लिवू नका. तुमी लिवलं की माझ्या मागं लागतंय." मी लिहिलं नाही. तो विषय अजून तसाच पडून आहे, आणि काही दिवशी तो माझ्या डोक्यात आला की मी दुसरं काम उघडते.

पावसाच्या तोंडावर भुईमूग काढायला मी गेले. मावशी वेल उपटून झटकत होती, मी शेंगा तोडत होते. एका वेलाला जिथं बुडाशी शेंगांचा घोस यायचा तिथं चार-पाच, वर वाळलेल्या काळ्या आऱ्या तशाच. निम्म्याहून कमी पीक. त्यातल्याही काही शेंगा अंगठ्यानं दाबल्या की पिचकायच्या, आत दाणा नाही. मावशी त्या वेगळ्या काढून ढीग करत होती. भरलेल्या शेंगांचं एक पोतं भरलं, दुसरं भरलं नाही.

"बियाणं तरी निघेल," मी म्हणाले.

"निघंल. कुणाला पायजे असंल तर देऊ." तिनं पोत्याचं तोंड मुरगाळलं. "मी फुडं ऊस लावतोय."

"या माळावर ऊस? भुईमूगच चांगला मावशी. आता एकही नंबर चुकत नाही. तू मागच्या दोन महिन्यांत बघितलंस ना?"

"बघितलं की. येतंय पाणी." ती पुढच्या सरीकडं वळली. "पर भुईमुगाला एक पाणी चुकलं तर खपत न्हाय. ऊस दम धरतोय."

मी तिला समजावायला तोंड उघडलं. तारखा काढल्यात, यादी थांबते, काका खूण करतात, मोटर बंद असेल तर तुझं नाव पुढं जातच नाही. हे सगळं तिला मी आधीच सांगितलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. आपल्या अठरा गुंठ्यांत काय लावायचं, ते ती पुन्हा चूक होईल हे धरून ठरवत होती, आणि त्यात चूक कुणाची असेल याची तिला फिकीर नव्हती.

तिनं पुढचा वेल उपटून माझ्याकडं टाकला. मी तोडायला घेतला.